लंडनमधलं इमिग्रेशन कोर्ट आणि वकील कुठे, कसा शोधायचा? (भावजयीच्या परमिटचा घोळ)

साखळीची_माई | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे पाककृती नि नाटकांचे धागे वाचत आले, स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २०१८ साली पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेला. साउथॉलला राहतो, विमानतळाजवळच्या एका गोदामात रात्रपाळी करतो, सेटल्ड स्टेटस (म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी) मिळालेलं आहे. लग्न फेब्रुवारी २०२० मध्ये इथे साखळीत झालं, तो परत गेला आणि महिन्याभरात लॉकडाऊन. मग बाळंतपण, मग आईचं आजारपण, करता करता भावजय इथेच राहिली. यंदा एकदाचं ठरलं आणि फॅमिली परमिटचा, म्हणजे तिला नवऱ्याकडे जायच्या परवान्याचा, अर्ज केला. अर्ज मडगावातल्या एका एजंटाने भरला, साठ हजार घेतले. नऊ दिवसांपूर्वी ईमेल आलं: रिफ्यूज. चार पानी पत्र आहे, त्यातलं मला एवढंच कळलं की लग्नाचा पुरावा समाधानकारक नाही आणि २८ दिवसांत फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे अपील करता येईल.

एजंट म्हणतो अपिलाचे वेगळे दीड लाख, "लंडनला आमचा माणूस आहे". माणसाचं नाव विचारलं तर सांगत नाही. भावाला विचारलं तर तो म्हणतो, ताई मला घर, गोदाम आणि किराण्याचं दुकान सोडून लंडन माहीत नाही, कोर्ट कुठे शोधू? म्हणून विचारते. हे कोर्ट आहे कुठे, भावाने नुसतं जाऊन चौकशी केली तर चालते का, आणि खरा वकील ओळखायचा कसा? फुकटात काही मदत मिळते का तेही सांगा, संकोच कसला करायचा.

घुमट_शामेळ | सोमवार, रात्री ९.५२

नणंद भावजयीसाठी धागा काढते हे बघून डोळे पाणावले. मालिकावाल्यांना कळवा, त्यांचा धंदा बसेल. (हलकेच घ्या माई)

मांडवीपार | सोमवार, रात्री १०.०५

साठ हजार?? माई, बसून वाचा. ईयू सेटलमेंट स्कीमच्या (यूकेतल्या युरोपीय नागरिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी असलेल्या योजनेच्या) फॅमिली परमिटला सरकारी फी शून्य आहे. शून्य. अर्ज फुकट. त्या एजंट पात्रावाने (शेठने) तुमच्याकडून फॉर्म भरायचे साठ हजार घेतले.

साखळीची_माई | सोमवार, रात्री १०.११

आम्हाला तो म्हणाला की फीच पंचेचाळीस आहे आणि त्याचं कमिशन फक्त पंधरा. आता रात्री झोप येणार नाही.

बोरीचा_पूल | सोमवार, रात्री १०.३०

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तुमच्या भावाला तर पायरीच सापडत नाहीये 😀 पण त्याला हसू नका हां कोणी. मी फोंड्याचा, जन्म गोव्यात गेला, तरी दोन वर्षांपूर्वी एका कामासाठी हायकोर्टात जायचं होतं तर सरळ स्कूटर काढून पणजीला आल्तिनोवर गेलो, जुन्या लिसेवच्या तिथे. घाम पुसत वर पोचलो आणि तिथल्या झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याने शांतपणे सांगितलं, "बाबा, हायकोर्ट पर्वरीला गेलं, २०२१ सालीच." आणि जिल्हा कोर्ट मेर्शीला. म्हणजे मी ज्या पुलावरून उलट्या दिशेने यायला हवं होतं... जाऊदे. आपल्या गावात ही गत, तिथे लंडनला बिचारा काय करणार.

हाउन्स्लोचा_हरी | मंगळवार, पहाटे २.१५

माई, मी मूळचा पेडण्याचा, तुमच्या भावापासून चार स्टेशनांवर राहतो म्हणा ना. रात्रपाळीवरून आत्ताच आलो, सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, भावाला सांगा क्रॉयडनला जाऊ नको. आपले लोक "इमिग्रेशन ऑफिस" म्हटलं की लूनर हाउस म्हणतात, ईस्ट क्रॉयडन स्टेशनपासून चालत अंतरावर, वेलस्ली रोडवरची ती उंच राखाडी इमारत. ते होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं आहे. ज्याने नकार दिला त्याच्याच दारात जाऊन अपील कसं करणार? आणि अपॉइंटमेंटशिवाय आत कोणी घेतही नाही. मी २०१९ मध्ये सुट्टी घालवून जाऊन आलोय, दारावरच्या माणसाने अगदी गोड बोलून परत पाठवलं.

अपील ऐकतं ते ट्रायब्युनल, ते वेगळं खातं. लंडनमध्ये त्याची सुनावणीची ठिकाणं म्हणजे एक टेलर हाउस, रोझबेरी ॲव्हेन्यूवर, एंजल स्टेशनला उतरायचं. दुसरं हॅटन क्रॉस, म्हणजे फेल्टमचं यॉर्क हाउस, पिकाडिली लाइनवर हीथ्रोच्या अलीकडे. आमच्या बाजूच्या लोकांना हॅटन क्रॉस मिळालेलं पाहिलंय, टेलर हाउसही मिळतं. पण ते आपण निवडायचं नसतं, तारखेच्या पत्रात पत्ता येतो, आणि कधी कधी सुनावणी व्हिडिओवरच होते. चॅन्सरी लेनजवळचं फील्ड हाउस पण ऐकाल, ते वरचं ट्रायब्युनल, तिथे जायची वेळ येऊ नये हीच देवाकडे प्रार्थना. स्ट्रँडवरचं टीव्हीत दिसतं ते मोठं मनोऱ्यांचं कोर्ट, त्याचा तुमच्याशी सध्या काही संबंध नाही.

नुसतं जाऊन चौकशी? नाही. तिथे काउंटरवर सल्ला देणारं कोणी नसतं. अपील ऑनलाइन भरायचं किंवा फॉर्म पाठवायचा. तुमची भावजय यूकेच्या बाहेर आहे ना, म्हणून २८ दिवस. आत असती तर १४ च मिळाले असते. नऊ गेले, म्हणजे एकोणीस उरले, पण त्यातले शेवटचे पाच नाहीतच असं समजून चला.

घुमट_शामेळ | मंगळवार, सकाळी ७.२०

हरीबाब, देव बरें करूं. गुगल मॅपने इतकं मायेने सांगितलं नसतं.

तांबडी_माती | मंगळवार, सकाळी ८.४५

कटू बोलतो, राग मानू नका. १९ डिसेंबर १९६१ ला ज्यांना घालवलं त्यांच्याचकडे लायनी लावून नागरिकत्व मागायचं, इथला पासपोर्ट सोडायचा, आणि मग तिथे अडकलं की इथल्या लोकांना धागे काढून मदत मागायची. थोडं विचित्र नाही वाटत?

मांडवीपार | मंगळवार, सकाळी ९.०२

नाही वाटत. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या तेव्हा साखळी-डिचोलीच्या किती घरांत चूल कशी पेटली ते जाऊन विचार. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा हक्क देतो, त्यांनी घेतला. बदल्यात भारतीय नागरिकत्व गेलं, १९५५ च्या कायद्याचं कलम ९. फुकट काही मिळालेलं नाही कोणाला.

साखळीची_माई | मंगळवार, सकाळी १०.३०

तांबडी_माती, राग नाही. भावाचा ट्रक होता खाणीवर. विकला तेव्हा हप्ते बाकी होते. एवढंच सांगते, पुढे नको.

तांबडी_माती | मंगळवार, सकाळी १०.४१

माई, सॉरी. ट्रकचं माहीत नव्हतं. माझ्या मावसभावाचेही दोन उभे होते दारात, गंजून गेले.

वकील_नसलेला | मंगळवार, दुपारी १.१०

आधीच सांगतो, आयडी बघा, मी वकील नाही. पण ईस्ट हॅमला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात सहा वर्षं फायली लावल्यात, आता म्हापशाला परत आलोय. त्या अनुभवावर बोलतो.

माई, "लंडनला आमचा माणूस आहे" हे वाक्य ऐकलं की पाकीट घट्ट धरायचं. तिथे इमिग्रेशनचा सल्ला कोणीही उठून देऊ शकत नाही. एक तर सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर असावा लागतो, नाहीतर इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असावी लागते. पूर्वी तिला ओआयएससी म्हणायचे, जानेवारी २०२५ पासून नाव बदललं, जुने लोक अजून ओआयएससीच म्हणतात. नोंद नसताना सल्ला दिला, अगदी फुकट दिला, तरी तिथे १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. पण तो कायदा मडगावातल्या एजंटाला कुठे लागतोय, म्हणून ही मंडळी इथे बसून दुकान चालवतात.

त्यामुळे त्याला नाव मागा आणि नोंदणी क्रमांक मागा. त्या अथॉरिटीचं रजिस्टर ऑनलाइन उघडं आहे, नाव टाकलं की माणूस सापडतो. सॉलिसिटर असेल तर लॉ सोसायटीच्या साइटवर सापडतो. रजिस्टरवाल्यांत तीन लेव्हल असतात हे लक्षात ठेवा. पहिल्या लेव्हलचा माणूस साधे अर्ज भरतो, ट्रायब्युनलपुढे उभा राहून बाजू मांडायची असेल तर तिसऱ्या लेव्हलचा लागतो. आमच्याकडे एक आजीबाई आल्या होत्या, त्यांनी पहिल्या लेव्हलच्या माणसाला अपिलाचे सगळे पैसे आधीच देऊन टाकले होते, तारखेला तो आलाच नाही, येऊ शकतच नव्हता.

फुकटाचं म्हणाल तर सरकारी लीगल एड अशा फॅमिलीच्या केसना २०१३ पासून जवळपास बंदच आहे, आश्रय मागणाऱ्यांना वगैरे मिळते. पण सिटिझन्स ॲडव्हाइस असतं जागोजागी, लॉ सेंटर असतात, तिथे निदान पत्र वाचून कुठे अडलंय ते सांगतात. आणि भाऊ ज्या भागात राहतो तिथल्या खासदाराला भेटता येतं, त्याला तिथे "सर्जरी" म्हणतात. खासदार होम ऑफिसला पत्र लिहितो. निकाल बदलत नाही त्याने, पण फाइल कुठे पडलीय ते तरी समजतं.

अपिलाची फी आमच्या वेळी नुसत्या कागदांवर निर्णय हवा तर ८० पाउंड आणि सुनावणी हवी तर १४० पाउंड होती. दीड लाख कुठून आले ते तो एजंट आणि त्याचा देव जाणे.

बोरीचा_पूल | मंगळवार, दुपारी १.२५

सर्जरी?? आमच्या आमदाराकडे गेलं की आपलीच सर्जरी होते.

हाउन्स्लोचा_हरी | मंगळवार, दुपारी ४.००

बोरीचा_पूल 😂 खरं सांगतो, माझ्या रूममेटला मी म्हटलं की शनिवारी एमपीची सर्जरी आहे, येतोस का, तर तो म्हणाला रक्त द्यायचंय का.

वास्कोची_सीमा | मंगळवार, दुपारी ४.४०

हरी, तुम्ही यॉर्क हाउस म्हणालात आणि माझ्या पोटात गोळा आला. माझ्या दिरांच्या केसला मी साक्षीदार होते, २०२२ ची गोष्ट. पत्रावर नीट लिहिलं होतं, यॉर्क हाउस, ड्यूक्स ग्रीन ॲव्हेन्यू, फेल्टम. पण मी अतिशहाणी, फोनवर नुसतं "यॉर्क हाउस" टाकलं आणि आम्ही दोघं पोचलो ट्विकनहॅमला. काय सुंदर बंगला, नदीकाठी बाग, बागेत संगमरवरी नग्न पुतळे घोड्यांसकट! दीर म्हणतात वहिनी, इथलं कोर्ट भारीच आहे की. आत विचारलं तर ते कौन्सिलचं, तिथे लग्नं लागतात. तिथून टॅक्सी करून फेल्टमला धापा टाकत पोचलो, नशीब की आमची केस दुसऱ्या नंबरवर होती.

नंतर कळलं की तो ट्विकनहॅमचा बंगला १९०६ मध्ये सर रतन टाटांनी विकत घेतला होता. म्हणजे चुकून का होईना टाटांच्या घरी जाऊन आले.

फेल्टमचं यॉर्क हाउस म्हणाल तर साधी ऑफिसची इमारत आहे, पुतळे नाहीत. दारात बॅग तपासतात, पाण्याची बाटली असेल तर त्यातला घोट आपल्यालाच प्यायला लावतात. दिरांनी बाटलीत सोलकढी नेली होती. त्या बाईसमोर त्यांनी तो गुलाबी घोट घेतला, तिने बघितलं, काही बोलली नाही.

घुमट_शामेळ | मंगळवार, संध्याकाळी ५.०५

सोलकढीला यूकेत प्रवेश मिळाला, कोणत्याही परमिटशिवाय.

मांडवीपार | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

@वास्कोची_सीमा, भाषेचं काय केलंत? दुभाषी मिळतो का?

वास्कोची_सीमा | मंगळवार, संध्याकाळी ५.४८

मिळतो, फुकट मिळतो, पण फॉर्ममध्ये आधी मागावा लागतो. दिरांनी "कोकणी" लिहिलं. आलेला दुभाषी मंगळूरकडचा, दीर पेडण्याकडचं बोलणार, दहा मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत बसले. शेवटी न्यायाधीशबाईंनी विचारलं की इंग्रजीत जमेल का, तर जमलं.

तांबडी_माती | मंगळवार, संध्याकाळी ६.०२

म्हणूनच मराठी लिहा म्हणतो. आपल्याकडच्या सगळ्यांची लिखापढी मराठीतच झाली आहे.

बोरीचा_पूल | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

झालं सुरू. १९८७ पासून राजभाषा कायद्यावर इथे भांडतोय, आता लंडनच्या ट्रायब्युनलमध्ये पण भांडा.

वकील_नसलेला | मंगळवार, संध्याकाळी ६.३५

घरात जे बोलतो ते लिहा, एवढंच. साक्ष देताना माणूस घाबरला की शाळेची भाषा विसरतो, आईची भाषा राहते.

आणि माई, एक महत्त्वाचं राहिलं. भावजय साखळीहून व्हिडिओ लावून साक्ष देईल असं धरून चालू नका. दुसऱ्या देशातून तोंडी साक्ष द्यायची तर त्या देशाची हरकत नाही ना, ते आधी बघावं लागतं, २०२१ पासून ट्रायब्युनल त्याबाबत कडक आहे. तिचं लेखी निवेदन चालतं. उभं राहणार तुमचा भाऊ.

निवृत्त_नोंदणी | मंगळवार, रात्री ९.२०

सगळे प्रतिसाद वाचले. लंडन मी पाहिलेलं नाही, पण नोंदणी खात्यात तीस वर्षं काढली म्हणून एक प्रश्न विचारतो, कारण मला इथे वेगळाच वास येतोय.

माई, पत्रात लग्नाचा पुरावा समाधानकारक नाही असं म्हटलंय. अर्जाला नेमका कोणता कागद जोडला होता? गोव्यात लग्नाच्या दोन सह्या होतात हे आपल्याला माहीत आहे, लंडनमधल्या माणसाला नाही. पहिली सही म्हणजे लग्न करणार आहोत असं सांगणं, मग नोटीस लागते, हरकती मागवतात, आणि दुसरी सही झाली की लग्न नोंद होतं. पहिल्या सहीचा कागद हातात येतो, त्यावर दोघांची नावं असतात, शिक्का असतो, लोक तोच जपून ठेवतात. पण तो लग्नाचा दाखला नव्हे. तो इरादा आहे. माझ्या टेबलावर महिन्याला एक तरी जोडपं यायचं, बँकेने कागद नाकारला, वकिलातीने नाकारला, आणि बघावं तर पिशवीतून पहिल्या सहीचाच कागद निघायचा.

साखळीची_माई | मंगळवार, रात्री ९.४५

थांबा. एजंटाने पीडीएफ पाठवली होती ती उघडते.

साखळीची_माई | मंगळवार, रात्री १०.२०

बाबा, तुमचे पाय कुठे आहेत. पीडीएफचं सातवं पान. तारीख जानेवारी २०२०. भावजयीला विचारलं, ती म्हणते हो, हा पहिल्या सायनिंगचा, भाऊ लंडनहून आला त्या आठवड्यातला, साखरपुड्याच्या साडीत गेली होती म्हणून तिला आठवतंय. दुसरं सायनिंग फेब्रुवारीत, देवळातल्या लग्नाच्या आदल्या दिवशी झालं. खरा दाखला आमच्या कपाटात आहे, आईच्या हिशेबाच्या वहीत घडी घालून ठेवलेला. एजंटाने "जे आहे ते पाठवा" म्हटलं आणि भावजयीने फोटो पाठवले सगळेच, त्याने त्यातला एक उचलून लावला. दाखला लावलाच नाही!!

घुमट_शामेळ | मंगळवार, रात्री १०.२४

मी गप्प. पहिल्यांदाच.

हाउन्स्लोचा_हरी | बुधवार, पहाटे १.५०

निवृत्त काका, साष्टांग. आम्ही लंडन पालथं घालत बसलो आणि चूक साखळीच्या कपाटात.

वकील_नसलेला | बुधवार, सकाळी ९.३०

काकांनी वकिलाच्या वर काम केलं. आता प्रश्न बदलला. अर्ज फुकट आहे, चूक कागदाची आहे, तर खऱ्या दाखल्यासह नवा अर्ज सरळ भरा. अपील महिनोन्महिने चालतं. ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचं लग्न ही त्या स्कीममधली मोठी अट आहे, तुमची तारीख फेब्रुवारी २०२० ची, म्हणजे अट पुरी होतेय. कोविडमुळे ज्यांची लग्नं त्या तारखेच्या पुढे ढकलली गेली ती माणसं खरी अडकली, तुमचं तसं नाही.

वास्कोची_सीमा | बुधवार, सकाळी १०.१५

असहमत. अपील सोडू नका. नवा अर्ज परत नाकारला आणि तोवर २८ दिवस उलटले तर पहिल्या निर्णयावर काही करता येणार नाही. आमच्या दिरांचं तेच झालं होतं, एकाने सांगितलं नवा भर, भरला, तोही नाकारला, मग दुसऱ्या निर्णयावर अपील करत बसलो, वर्ष गेलं.

वकील_नसलेला | बुधवार, सकाळी १०.४०

दिरांच्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्जात कागद तेच होते का?

वास्कोची_सीमा | बुधवार, सकाळी १०.५२

...हो. तेच होते.

वकील_नसलेला | बुधवार, सकाळी ११.००

मग फरक आहे ना सीमाताई. पण तुमचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. खर्च झेपत असेल तर दोन्ही करा. ८० पाउंडवालं कागदी अपील मुदतीत टाकून ठेवा, त्यात दाखला जोडा, आणि सोबत नवा अर्ज. परमिट आलं तर अपील मागे घ्या. मात्र पैसे भरायच्या आधी भावाने एकदा तिथल्या सिटिझन्स ॲडव्हाइसला पत्र दाखवावं, मी म्हापशात बसून बोलतोय, पत्र बघितलेलं नाही.

निवृत्त_नोंदणी | बुधवार, सकाळी ११.३०

घरातला दाखला आहे तसा पाठवू नका माई, घड्यांवर शाई उडालेली असते. डिचोलीच्या सब-रजिस्ट्रारकडे जाऊन नवीन सही-शिक्क्याची प्रत काढा. आणि सोबत एक पानाचं साधं पत्र जोडा की गोव्यात लग्न दोन सह्यांनी होतं, आधी जोडलेला कागद पहिल्या सहीचा, हा दुसऱ्या सहीनंतरचा दाखला. वाचणाऱ्याला जे माहीत नाही ते आपण सांगावं, तो विचारत नाही, नाकारतो.

प्रतिज्ञापत्र वगैरे करायला वकील लागला तर भावजयीला इथे तो मोफत मिळतो. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० ला फोन करा.

मांडवीपार | बुधवार, दुपारी १२.०५

१५१०० सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह करा रे. वाचनखूण साठवली.

साखळीची_माई | शनिवार, रात्री ८.३०

अपडेट. बुधवारी दुपारी डिचोलीला अर्ज टाकला, शुक्रवारी प्रत हातात आली. तिथल्या मुलीने वही काढली तेव्हा मी वाकून पाहिलं, भावाची सही बघून हसू आलं, शाळेत असल्यापासून शेवटच्या अक्षराला तशीच शेपटी काढतो. नवा अर्ज मी आणि भावजय आम्हीच भरला, दोन रात्री लागल्या, अवघड काही नव्हतं हो, नुसतं लांबलचक. भाऊ सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये जाऊन आला, तिथल्या बाईने सगळं पत्र वाचलं आणि वकील_नसलेला यांनी सांगितलं तेच सांगितलं. अपील पण टाकलं, मुदतीच्या बरंच आधी.

आणि गंमत म्हणजे भाऊ रविवारी सुट्टी आहे तर हॅटन क्रॉसला जाऊन इमारत बघून येणार आहे. म्हटलं अरे तू कागदी अपील टाकलंयस, कोणी बोलावणार नाही. तर म्हणतो ताई, बघून ठेवलेली बरी.

वास्कोची_सीमा | शनिवार, रात्री ८.४०

पूर्ण पत्ता टाकायला सांगा!!

हाउन्स्लोचा_हरी | रविवार, रात्री ११.१५

माई, तुमचा भाऊ भेटला. मीच म्हटलं एकटा जाऊ नको. स्टेशनवरून चालत गेलो, दार बंद, आत दिवा नाही, समोर उभं राहून दोघांनी सेल्फी काढला. मग माझ्याकडे आला जेवायला. बांगडे तळले होते, तीन खाल्लेन्. सात वर्षं झाली त्याला इथे येऊन आणि एकमेकांना ओळखत नव्हतो, सांगा.

साखळीची_माई | (सात आठवड्यांनी) गुरुवार, सकाळी ७.०५

मंडळी, परमिट आलं!!! पहाटे ईमेल आलं, भावजय मोबाइल घेऊन माझ्या खोलीत आली, तिला बोलताच येईना, मला वाटलं परत नाकारलं. अपील मागे घ्यायचं पत्र भाऊ आज पाठवतोय. तिकीट चवथ झाल्यावरचं काढतोय, आई म्हणाली गणपती झाल्याशिवाय सून घराबाहेर पडणार नाही. निवृत्त_नोंदणी काका, साखळीला आलात तर घरी यायचंच, पत्ता व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवते.

निवृत्त_नोंदणी | गुरुवार, सकाळी ८.३०

अभिनंदन. येईन. तो पहिल्या सहीचा कागद आता वेगळ्या पाकिटात ठेवा.

तांबडी_माती | गुरुवार, सकाळी ९.००

माई, मनापासून अभिनंदन. भावजयीला म्हणावं मुलाशी मराठीत बोल तिथे. बरं बरं, कोकणीत बोल.

घुमट_शामेळ | गुरुवार, सकाळी ९.१०

पेढे कुठे आहेत? आणि त्या पात्रावाचं काय? साठ हजार सोडून देणार?

साखळीची_माई | गुरुवार, सकाळी ९.४०

सोडायचे तर नाहीत. फोन केला होता, म्हणाला "परमिट आमच्यामुळेच आलं". आता हे ग्राहकांचं कोर्ट असतं ना, ते कुठे आहे? पणजीला की पर्वरीला?

बोरीचा_पूल | गुरुवार, सकाळी ९.४४

मला विचारू नका, मी आल्तिनोला पाठवीन.

वकील_नसलेला | गुरुवार, सकाळी १०.२०

शोधायला जाऊ नका माई, ग्राहक आयोगात तक्रार ऑनलाइन टाकता येते, ई-जागृती म्हणून पोर्टल आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. पावती आहे ना त्याची?

साखळीची_माई | गुरुवार, सकाळी १०.३१

पावती कसली, भावजयीने गुगल पे केलं होतं. खाली त्यानेच अंगठा दाखवलाय.

वकील_नसलेला | गुरुवार, सकाळी १०.३३

अंगठा पण चालेल. स्क्रीनशॉट काढून ठेवा, आजच.